द्रुतगती मार्गावर गाडी पेटली तर मदत कशी येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडीने पेट घेतल्याची बातमी उन्हाळ्यात तर वरचेवर येते. मथळा ठरलेला, ‘बर्निंग कारचा थरार’. सोबत कुणीतरी चालत्या गाडीतून काढलेला व्हिडिओ आणि शेवटी एक ओळ: ‘अग्निशमन दलाने आग आटोक्यात आणली.’ त्या एका ओळीत काय काय घडतं, कोण कुठून येतं आणि ते पोचेपर्यंत गाडीतल्यांनी काय करायचं, याबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. उदाहरणं बहुतेक मुंबई-पुणे मार्गाची आणि समृद्धी महामार्गाची आहेत. राष्ट्रीय महामार्गावर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

बोनेटमधून धूर येतोय. सगळ्यात आधी काय करायचं?

डावा इंडिकेटर देऊन गाडी कडेच्या शोल्डरवर, म्हणजे लेनबाहेरच्या मोकळ्या पट्टीवर घ्या, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा आणि सगळ्यांना बाहेर काढा. शक्य असेल तर पुलावर किंवा बोगद्यात थांबू नका, पण ‘पुढच्या टोलपर्यंत नेऊ’ असा विचारही नको. चालत्या गाडीत वारा आत शिरतो आणि धुराची आग व्हायला वेळ लागत नाही.

उतरताना डाव्या बाजूच्या दारांनी उतरा. उजव्या बाजूला ताशी शंभरने येणारी वाहनं असतात. द्रुतगती मार्गावर आगीपेक्षा मागून येणाऱ्या गाडीने माणूस जाण्याचा धोका कमी नाही. मग क्रॅश बॅरियर ओलांडून पलीकडे जा आणि ज्या दिशेने वाहनं येतायत त्या दिशेला, म्हणजे आपल्या गाडीच्या मागच्या बाजूला, निदान ३० मीटर चालत जा. गाडीच्या पुढे उभे राहिलात आणि मागून कुणी तिला धडकलं तर ती तुमच्याच अंगावर येते.

घाटात याला एक अपवाद आहे. पुण्याकडे चढताना ‘मागे’ म्हणजे उतार, आणि गळणारं पेट्रोल किंवा डिझेल उताराकडेच धावतं. इंधन वाहताना दिसलं तर वरच्या बाजूला जा. धूर अंगावर येत असेल तर वाऱ्याची दिशा बघून जागा बदला.

घाटात थांबताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून ठेवा. पेटलेल्या गाडीच्या हँडब्रेकची केबल जळू शकते आणि मग गाडी आपोआप गडगडायला लागते. चाकं डावीकडे वळलेली असली तर ती रस्त्याच्या मधोमध न येता कडेच्या बॅरियरला जाऊन टेकते.

बॅग, लॅपटॉप, डिकीतला आंब्याचा बॉक्स यांतलं काहीही घ्यायला परत जायचं नाही. मोबाइल हातात असला की पुरे.

फोन कुणाला करायचा? नंबर इतके आहेत की गोंधळ होतो.

११२. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी हा एकच क्रमांक आहे आणि महाराष्ट्रात तो चालतो. १०१ हा अग्निशमनाचा जुना नंबर, पण दोन शहरांच्या मधे असताना मोबाइलवरून लावलेला १०१ नेमका कुठल्या गावच्या कक्षात वाजेल याचा भरवसा नसतो. कुणी भाजलं किंवा जखमी झालं असेल तर १०८ वर वेगळा फोन करा, म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी सुरू होतात.

१०३३ हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा नंबर आहे. नाशिक महामार्ग, सातारा-कोल्हापूर रस्ता अशा ठिकाणी तो उपयोगी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे दोन्ही राज्य रस्ते विकास महामंडळाचे, म्हणजे एमएसआरडीसीचे, त्यामुळे तिथे १०३३ वर वेळ घालवू नका. या मार्गांचे स्वतःचे हेल्पलाइन क्रमांक रस्त्यावरच्या फलकांवर असतात. प्रवास सुरू करण्याआधी ते मोबाइलमध्ये भरून ठेवले तर दोन मिनिटांचं काम आहे.

फोनवर नेमकं काय सांगायचं?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा द्यायला हवी, कारण बंब उशिरा पोचण्याची निम्मी कारणं इथेच असतात. ‘एक्सप्रेस वेवर, लोणावळ्याच्या अलीकडे’ हे पत्ता सांगणं नव्हे. कुणाच्या अलीकडे? मुंबईहून की पुण्याहून?

किलोमीटरचा दगड किंवा फलक बघा आणि लेन सांगा. ‘किलोमीटर अमुक, मुंबईकडे जाणारी लेन’ एवढ्यावर नियंत्रण कक्षातला माणूस नकाशावर बोट ठेवू शकतो. लेन का महत्त्वाची? द्रुतगती मार्गाला बाहेर पडायच्या आणि आत शिरायच्या जागा मोजक्याच आहेत. मधला दुभाजक ओलांडून बंब वळवता येत नाही. खोपोलीहून निघालेल्या बंबाला पुण्याच्या लेनवरच्या गाडीपर्यंत सरळ चढता येईल, पण गाडी मुंबईच्या लेनवर असेल तर वरपर्यंत जाऊन उलटं यावं लागेल, नाहीतर पोलिसांकरवी वाहतूक रोखून उलट्या दिशेने शिरावं लागेल. घाटात तर जिल्हाही बदलतो. खाली खोपोली-खालापूर रायगडात आणि वर लोणावळा पुण्यात. लेन आधी कळली तर खालून बंब सोडायचा की वरून, हे फोनवरच ठरतं.

त्यानंतर तीन गोष्टी: काय पेटलंय, म्हणजे कार, ट्रक, बस की टँकर. आत कुणी अडकलंय का. आणि इंधन कुठलं, म्हणजे पेट्रोल, डिझेल, सीएनजी की बॅटरी. आपण दुरून जाणारे असलो आणि यातलं काही माहीत नसलं तर ‘माहीत नाही’ असंच सांगावं. अंदाज ठोकून दिला की चुकीच्या तयारीने गाडी निघते.

आग लागल्यावर पहिल्यांदा कोण पोचतं?

बहुतेक वेळा अग्निशमन दल पहिलं पोचत नाही. पहिली पोचते ती रस्त्यावर फिरणारी गस्तीची गाडी, महामार्ग पोलीस किंवा टोल चालवणाऱ्या कंपनीची. मुंबई-पुणे मार्गावर ‘देवदूत’ नावाने ओळखली जाणारी पथकं आहेत. अपघातात पत्रा कापून माणूस काढायचं साहित्य आणि लहान आग विझवायची साधनं त्यांच्याकडे असतात. बोरघाटाच्या बातम्या वाचणाऱ्यांना ही यादी पाठच असेल: देवदूत, महामार्ग पोलीस, खोपोली अग्निशमन दल, वर असेल तर लोणावळ्याचं दल, आणि खोपोली परिसरातले स्वयंसेवक, जे रात्री दोनला फोन आला तरी उठून जातात. आग मोठी असली की आजूबाजूच्या कारखान्यांचे बंबही बोलावले जातात. रसायनांच्या आगीचा सराव आणि आग विझवायच्या फेसाचा साठा अनेकदा त्यांच्याकडेच जास्त असतो.

महामार्ग पोलिसांनी १ मार्च २०२१ पासून ‘हायवे मृत्युंजय दूत’ ही योजनाही सुरू केली. ढाबेवाले, पेट्रोलपंपावरची मुलं, रस्त्याकडेच्या गावांतले तरुण यांना प्रथमोपचाराचं आणि जखमी उचलण्याचं प्रशिक्षण द्यायचं, अशी ही कल्पना. प्रत्यक्षात अपघाताच्या जागी पहिले धावतात ते हेच लोक, मग त्यांना शिकवलेलं बरं.

बंब यायला इतका वेळ का लागतो?

आपल्याकडे अग्निशमन दल नगरपालिकांचं आणि महानगरपालिकांचं असतं, शिवाय औद्योगिक वसाहतींत एमआयडीसीचं. राज्यात महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय आहे, पण गावोगावी त्याची केंद्रं नाहीत. महामार्ग मात्र शहरं टाळूनच बांधलेला असतो, त्याचा उद्देशच तो. मग ज्या रस्त्यावर गाड्या सगळ्यात वेगाने धावतात तो रस्ता बंबांपासून सगळ्यात लांब पडतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर विदर्भ-मराठवाड्याच्या काही पट्ट्यांत हे फार जाणवतं. दोन इंटरचेंजच्या, म्हणजे मार्गावर चढायच्या-उतरायच्या जागांच्या मधे गाडी पेटली की जवळच्या तालुक्याच्या गावाहून निघालेला बंब आधी इंटरचेंज गाठणार, मग आत शिरून पुढे येणार.

इंजिनात सुरू झालेली आग काही मिनिटांत केबिनमध्ये शिरते आणि पाच-दहा मिनिटांत अख्खी कार वेढली जाते. बंब वीस मिनिटांत आला तरी महामार्गाच्या हिशेबाने तो लवकरच आला, पण तोवर कारचा सांगाडा झालेला असतो. तेव्हा ‘दल उशिरा आल्यामुळे गाडी जळाली’ ही तक्रार बहुतेक वेळा न्याय्य नसते. दल येतं ते आग पसरू नये, टाकी फुटू नये, शेजारचं जंगल पेटू नये आणि रस्ता पुन्हा सुरू व्हावा म्हणून. माणसं बाहेर काढायचं काम तोवर झालेलं असावं लागतं, आणि ते गाडीतल्यांनी किंवा मागून येऊन थांबलेल्यांनी केलेलं असतं.

आल्यावर जवान लगेच पाणी मारत नाहीत, आधी उभे राहून बघत बसतात. का?

बघत बसत नाहीत, परिस्थिती वाचत असतात. कुठलं वाहन, कुठलं इंधन, वारा कुठून, उतार कुठे, आत कुणी आहे का. बंब शक्यतो वाऱ्याच्या आणि चढाच्या बाजूला, आगीपासून अंतर ठेवून, रस्त्याला तिरपा लावतात. तिरपा यासाठी की मागून एखादी गाडी घुसली तर ती बंबावर आदळावी, जवानांवर नको.

जळत्या कारजवळ ते सरळ समोरून किंवा मागून जात नाहीत, कोपऱ्याकडून तिरपे जातात. डिकीच्या दाराला धरून ठेवणारे गॅसचे दांडे तापून फुटले की भाल्यासारखे उडतात. टायर फुटतात, एअरबॅगचे भाग फुटतात. आणि धूर नुसता काळा नसतो. सीटचा फोम आणि प्लास्टिक जळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतात, म्हणून पाठीवर हवेचं नळकांडं आणि तोंडाला मुखवटा. हे सगळं चढवायला लागणारा एक मिनिट व्हिडिओत फार लांब वाटतो.

गाडीत ठेवायचा आग विझवणारा छोटा सिलिंडर खरंच उपयोगी आहे का?

आहे, आग लहान असेपर्यंत. एक किलोचा कोरड्या पावडरचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. त्याने वायरिंगमधली सुरुवातीची ज्वाळा विझते, पेटलेलं केबिन विझत नाही. पिन काढा, वारा पाठीशी घ्या, दोनेक मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी मारा. एक सिलिंडर संपला आणि आग आहे तशीच आहे, तर विषय संपला. मागे व्हा.

तो ठेवायचा कुठे, तर ड्रायव्हरच्या हाताशी. डिकीत, स्टेपनीच्या खाली, सामानाच्या मागे ठेवलेला सिलिंडर म्हणजे घरची चावी घरातच ठेवून कुलूप लावणं.

बोनेट उघडून बघू का?

नाही. उघडलं की हवा आत जाते आणि ज्वाळा तोंडावर येते. आतून लिव्हर ओढून फट पडली असेल तर त्या फटीतून पावडर मारता येईल. तेवढंच.

गाडी सिनेमातल्यासारखी फुटते का?

पेट्रोल-डिझेलची कार सहसा फुटत नाही, जळते. जे मोठे आवाज येतात ते टायरचे आणि दांड्यांचे. पण हे ऐकून जवळ जाऊ नका.

आणि सीएनजी?

सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो आणि तिला सुरक्षा झडप असते. टाकी तापली की ही झडप उघडते आणि वायू बाहेर सोडते. वायू पेटलेला असेल तर कित्येक फूट लांब ज्वाळेचा फवारा दिसतो आणि लोक ‘स्फोट झाला’ म्हणतात. खरं तर झडपेने आपलं काम केलेलं असतं. धोका असतो तो बाहेरून बसवलेल्या, तपासणीची तारीख उलटून गेलेल्या किंवा झडपेशी खेळ केलेल्या टाक्यांचा. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्यामुळे मोकळ्या जागी वर निघून जातो. एलपीजी जड, तो जमिनीलगत पसरतो आणि सखल भागात साठतो. दोघांना ‘गॅस’ म्हणून एकाच रांगेत बसवू नका.

इलेक्ट्रिक गाडीची आग वेगळी असते का?

वेगळी असते. बॅटरीतला एक सेल तापला की शेजारचा तापतो, त्याच्या शेजारचा तापतो, आणि हे बाहेरच्या हवेशिवायही चालू राहतं. पावडरने ज्वाळा दिसेनाशी होते, पण आतली उष्णता तशीच राहते. इथे भरपूर पाणी लागतं, विझवायला नव्हे तर थंड करायला, आणि बॅटरी गाडीच्या तळाशी असल्यामुळे ते नेमकं पोचवणंही अवघड. नेहमीच्या बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. मोठ्या बॅटरीला ते पुरेलच असं नाही, म्हणून मागून टँकर मागवतात. विझलेली बॅटरी काही तासांनीही पुन्हा पेटू शकते. क्रेनवाल्याने अशी गाडी नेऊन यार्डात दुसऱ्या गाड्यांना खेटून ठेवली तर पुढची बातमी यार्डाची असते.

इलेक्ट्रिक गाड्या जास्त पेटतात का, हा वेगळा प्रश्न. रस्त्यावर पेटणाऱ्या गाड्यांत अजूनही पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीचीच गर्दी दिसते, आणि कारणंही जुनीच: गळणारं तेल, सैल वायरिंग, बाहेरून बसवून घेतलेले दिवे, हॉर्न आणि म्युझिक सिस्टीम.

बोरघाट उतरताना ट्रकच्या चाकातून धूर येतो, ती आग असते का?

होऊ शकते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकून घाट उतरायची खोड जुनी आहे. इंजिनाचा आधार सुटला की सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेकचे लायनर तापतात, धूर येतो, मग एक तर ब्रेक लागत नाही किंवा चाक पेटतं. चाकातून धूर दिसला तर ट्रक कडेला लावून सगळ्यांनी खाली उतरावं, पण चाकाच्या बाजूला, रिमसमोर उभं राहू नये. तापलेला टायर फुटतो तो आडवा. ट्रकच्या मागे, अंतरावर उभं राहावं.

बस पेटली तर बाहेर कसं पडायचं?

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस धडकून उलटली आणि पेटली. ३३ जण होते, २५ गेले. बस डाव्या अंगावर पडली होती आणि आपल्या बसचं दार डावीकडेच असतं. म्हणजे नेहमीची वाट जमिनीला टेकली. जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे नाशिकला मिरची चौकात यवतमाळहून मुंबईकडे निघालेली बस ट्रेलरला धडकून पेटली, त्यात १२ प्रवासी गेले. दोन्ही वेळा प्रवासी झोपेत होते.

तेव्हा बसमध्ये चढलात की बर्थ शोधण्याआधी संकटकालीन दार कुठे आहे ते बघा. ते मागे किंवा उजवीकडे असतं. त्याच्यासमोर पार्सलची खोकी रचलेली असतील तर क्लीनरशी तेव्हाच भांडा, लाजू नका. छताला झरोका असेल तर तोही बघून ठेवा. बस आडवी झाली की तोच दार होतो. काच फोडायची हातोडी कुठे टांगली आहे ते बघा. अनेक बसमध्ये तिची फक्त रिकामी खुंटी असते. बाजूच्या काचेवर मधोमध मारून उपयोग नसतो, कोपऱ्यात मारा. पुढची काच मधे चिकट थर घालून जोडलेली असते, ती तडकते पण सांडत नाही. तिला रबरातून ढकलून काढावं लागतं. पडदे, गाद्या, फोम हे सगळं पेटणारं, म्हणून धुरात उभं राहू नका, खाली वाकून सरका.

केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये लांब पल्ल्याच्या आणि शाळेच्या नव्या बसमध्ये प्रवासी बसतात त्या भागातही आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा असावी असा नियम केला. पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या बस तशाच आहेत. तिकिटाच्या ॲपवर चार्जिंग पॉइंट आहे की नाही ते दिसतं, संकटकालीन दार उघडतं की नाही ते दिसत नाही.

पुढे टँकर पेटलाय असं कळलं. आम्ही अर्धा किलोमीटर मागे आहोत. धोका आहे का?

असू शकतो. १३ जून २०२३ ला खंडाळ्याजवळ कुणे इथल्या पुलावर ज्वलनशील रसायनाचा टँकर पेटला. जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. चौघांचा जीव गेला आणि त्यांतले काही पुलाखालच्या रस्त्याने जाणारे होते, ज्यांचा द्रुतगती मार्गाशी काही संबंधच नव्हता. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर एलपीजीच्या टँकरला ट्रक धडकला. वायू आधी रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. मागेपुढे थांबलेली कितीतरी वाहनं त्यात सापडली.

एलपीजीची टाकी बाहेरून आगीत तापत राहिली की आतला दाब वाढतो, पत्रा मऊ पडतो आणि टाकी एकदम फाटते. तेव्हा उठणाऱ्या अग्निगोळ्याच्या भीतीने दल दीड किलोमीटरहून जास्त अंतरापर्यंतचा परिसर मोकळा करायला सांगतं. तेव्हा पोलीस ‘मागे जा’ म्हणाले तर ‘इथून दिसतंय की, काही होत नाही’ असं म्हणत थांबू नका. हवेत गॅसचा वास असेल तर गाडी चालू करू नका, सिगारेट नको, उतरून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि चढाकडे चालत जा.

टँकरच्या पाठीवर आणि बाजूला एक चौकोनी फलक असतो. त्यावरचा चार आकडी क्रमांक म्हणजे आत काय आहे याची ओळख: १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १२३० मिथेनॉल. सुरक्षित अंतरावरून हा आकडा वाचता आला आणि ११२ वर सांगता आला तर दलाचं मोठं काम होतं. मिथेनॉलचं उदाहरण घ्या. त्याची ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसतच नाही, आणि पेट्रोलवर चालणारा साधा फेस त्याच्यावर टिकत नाही, वेगळा फेस लागतो. तो आणायचा की नाही हे त्या चार आकड्यांवर ठरतं.

उलटलेल्या टँकरमधलं इंधन कॅन घेऊन भरायला जाण्याबद्दल एवढंच: पाकिस्तानात बहावलपूर भागात जून २०१७ मध्ये असंच पेट्रोल गोळा करायला जमलेल्यांपैकी २०० हून जास्त लोक आगीत गेले.

बोगद्यात आग लागली तर?

आपलीच गाडी असेल आणि चालत असेल तर बाहेर काढून मग थांबवा. पुढे दुसऱ्या कुणाची पेटली असेल तर अंतर ठेवून कडेला थांबा, इंजिन बंद करा, चावी गाडीतच ठेवा म्हणजे दलाला ती हलवता येईल, आणि धुराच्या उलट दिशेला भिंतीच्या कडेने, वाकून चालत बाहेर पडा. गाडीत काचा लावून बसणं सुरक्षित वाटतं, ते नाही. मार्च १९९९ मध्ये फ्रान्स-इटलीच्या मधल्या माँ ब्लाँ बोगद्यात एका ट्रकच्या आगीत ३९ जण गेले, त्यांतले बरेच आपापल्या गाड्यांत किंवा गाड्यांजवळच. ट्रकमध्ये रसायन नव्हतं, पीठ आणि मार्गारीन होतं. भाताण, माडप हे आपले बोगदे त्या मानाने छोटे आहेत. समृद्धीचा कसाऱ्याजवळचा बोगदा मात्र पावणेआठ किलोमीटरच्या आसपास आहे, तिथे शिरताना संकटकालीन वाटांच्या खुणा बघत जा.

आग विझली तरी रस्ता दोन-दोन तास का उघडत नाही?

विझलेली गाडी थंड करावी लागते, नाहीतर क्रेनला लटकवल्यावर पुन्हा पेटते. मग पंचनामा, फोटो, हायड्रा क्रेन, आणि शेवटी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर माती किंवा वाळू टाकून साफसफाई. हे शेवटचं काम अर्धवट सोडून रस्ता उघडला तर पहिली पाच वाहनं घसरून एकमेकांवर जातात. समोरची लेन कधीकधी बंद करतात ती धुरामुळे, किंवा बंब त्या बाजूने आणावा लागतो म्हणून, किंवा व्हिडिओ काढायला लोक तिथे ब्रेक मारतात म्हणून. या तिसऱ्या कारणावर काय बोलावं!

कोंडीत अडकलोय, मागून बंबाचा आवाज येतोय. जाऊ कुठे?

कोंडी झाली की लोक शोल्डरवर गाड्या घालतात आणि बंबाची एकमेव वाट बुजवतात. शोल्डर मोकळी ठेवा, लेनमध्ये डावी-उजवीकडे सरकून जागा करा. आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. बंब गेल्यावर त्याच्या मागे लागून पुढे घुसणारे असतातच. पुढे जाऊन ते रुग्णवाहिकेची वाट अडवतात.

भाजलेल्या माणसाला काय करायचं?

जळता कपडा विझवा, माणसाला जमिनीवर लोळवा. मग भाजलेल्या जागेवर साधं, वाहतं पाणी वीस मिनिटं. बाटल्या असतील त्या सगळ्या रिकाम्या करा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर मुळीच नको. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा. स्वच्छ कापडाने सैल झाका. आवाज घोगरा झाला असेल, नाकाजवळ काजळी असेल तर धूर आत गेलाय असं समजा आणि १०८ ला तसं सांगा, जरी तो माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणत असला तरी.

मदत केली तर पोलीस स्टेशनच्या खेपा पडतील का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ च्या निकालात मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम १३४ ए म्हणून मोटार वाहन कायद्यात आलं. नाव सांगणं, साक्षीदार होणं हे तुमच्या मर्जीवर आहे. रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही किंवा तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही.

गाडी जळून गेली. विम्यासाठी काय लागतं?

विमा सर्वंकष असेल तरच स्वतःच्या गाडीच्या आगीची भरपाई मिळते, फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर बघेपर्यंत सांगाडा भंगारवाल्याला देऊ नका. पोलिसांची नोंद किंवा पंचनामा आणि ज्या दलाने आग विझवली त्या दलाचा दाखला, ही दोन कागदं नंतर मिळवायला फार फिरवतात, म्हणून कुठल्या गावचा बंब आला होता ते जागेवरच विचारून ठेवा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर चढवलेलं नसेल तर दावा अडकतो.

आरसी, लायसन्स सगळं गाडीतच जळालं, आता?

डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरची प्रत चालते. गाडी पूर्ण नष्ट झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, आणि विम्याची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत आरसीची माहिती हाताशी ठेवायची असते. फास्टॅगही बंद करून टाका, त्यातली शिल्लक बँकेकडून परत मागता येते.